आठ सोनेरी, एक काळा

"वहिनी, हात बाहेर काढा! आधी हात बाहेर काढा पाण्यातून! त्या काळ्याला हलवलंत तर या घराचं वाटोळं होईल, सांगून ठेवतो!"

दाजी हॉलच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, या घरचे एकुलते एक जावई. आणि मी, या घरची सून, पदर कमरेला खोचून स्टुलावर चढले होते आणि फिश टँकमध्ये कोपरापर्यंत हात घातला होता. हातात चहाची गाळणी होती. गाळणीत काळा मासा मावत नव्हता. डोकं एका बाजूने बाहेर, शेपूट दुसऱ्या बाजूने. मी त्याला धरलंय की त्याने मला, हे लांबून बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

"अगं सोड त्याला! जावईबापू काय सांगतात ऐकू येत नाय का?" स्वयंपाकघरातून आत्याबाई गरजल्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्याबाईंचा आवाज असा की मखमलाबादच्या मळ्यातून त्यांनी हाक मारली तर पंचवटीच्या बाजारातले भाजीवाले घाबरून भाव कमी करायचे.

"सोडते ना," मी म्हटलं, "पण टाकीत नाही सोडणार."

माझं माहेर नामपूरचं. नाशकात हॉस्टेलवर राहून प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं, तेव्हापासून चार लोकांत मी पुस्तकासारखी बोलते. पण डोकं फिरलं की तोंडातून अहिराणीच बाहेर पडते. मी गाळणी वर काढली, दाजींच्या नाकासमोर धरली आणि ओरडले, "आठे दखा! हाऊ मासा शे की राक्षस शे?" म्हणजे, इकडे बघा, हा मासा आहे की राक्षस?

माशाने शेपूट आपटली. दाजींचा इस्त्रीचा शर्ट कॉलरपासून खिशापर्यंत भिजला. ते दोन पावलं मागे सरकले आणि सोफ्यावर बसले. बसले म्हणजे पडलेच, पण जावई पडले असं आमच्याकडे म्हणत नाहीत.

आता हे प्रकरण इथवर कसं आलं ते सांगते.

आमच्या सासरची माणसं पिढ्यानपिढ्या भाजी आणि फुलं पिकवणारी. मळ्यात टोमॅटो, मिरची, मेथी, कोथिंबीर, बांधाला झेंडू. त्या साली टोमॅटोने हात दिला आणि मळ्यात पत्र्याच्या जागी स्लॅबचं घर उभं राहिलं. नाशकात तेव्हा वास्तूची साथ आली होती. डेंग्यूला निदान फवारणी तरी असते. हिला तीही नव्हती. लोक चांगले दरवाजे बुजवून भलतीकडे भोकं पाडत होते. दाजी इंदिरानगरला राहायचे, औषधांच्या कंपनीत होते, आणि या साथीत सगळ्यात आधी आडवे झाले होते. घरभरणीला ते दोन फुटी फिश टँक घेऊन आले, सोबत नऊ मासे. आठ सोनेरी, एक काळा.

"आठ सोनेरी म्हणजे भरभराट," दाजींनी समजावलं. "आणि काळा म्हणजे ढाल. घरावर येणारं सगळं निगेटिव्ह तो खेचून घेतो. एखादा मासा गेला तर रडायचं नाही. घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं, असं समजायचं. तो गेला म्हणजे संकट गेलं."

जावयाने सांगितलं म्हणजे विषय संपला. अधिक महिन्यात त्यांच्यापुढे तेहतीस अनारशांचं ताट ठेवून आत्याबाई हात जोडायच्या. ज्या माणसाला वर्षानुवर्षं अनारसे वाढले, त्याला मध्येच "तुमचं चुकलं" असं कोण म्हणणार? दाजी एकदा म्हणाले होते की झेंडूला मीठ घातलं तर रंग चढतो. मामांनी एका वाफ्याला मीठ घातलं, वाफा गेला, आणि मामा दाजींना म्हणाले, "रंग लय भारी आला व्हता."

पण दाजींनी काय केलं होतं, ते मला फार नंतर कळलं. काळा गोल्डफिश त्या दिवशी दुकानात शिल्लक नव्हता. वास्तूवाल्यांनी नाशिकभरचे काळे मासे उचलले होते. दुकानदाराने दुसऱ्या टाकीतलं एक पिल्लू दाखवलं, ऑस्कर जातीचं. "हाही काळाच आहे," म्हणाला. दाजींनी रंग बघितला आणि पिशवी बांधायला सांगितली. केवढा होतो, काय खातो, कुणाबरोबर राहतो, हे त्यांनी विचारलं नाही. ते काही राहायला आणलेले मासे नव्हते, ते घराला लावलेले नऊ बल्ब होते.

पंधरा दिवसांनी पहिला सोनेरी नाहीसा झाला.

मेला नाही, नाहीसा झाला. वर तरंगताना दिसला नाही की तळाला पडलेला सापडला नाही. मी म्हटलं, "मेला तर दिसायला नको?" दाजी फोनवर म्हणाले, "संकट घेऊन गेला तो. देह कशाला मागे ठेवेल?" त्याच आठवड्यात आमच्या पिकअपचं टायर आडगावजवळ फुटलं आणि गाडी चालवणाऱ्या आमच्या यांना खरचटलंसुद्धा नाही. आत्याबाईंनी टाकीला हळदकुंकू वाहिलं.

दुसरा गेला, तेव्हा चांदवडकडे गारा पडल्या आणि आमच्याकडे नुसता वारा आला. तिसरा गेला आणि आत्याबाईंची दाढ दुखायची थांबली. चौथ्याच्या वेळी काही टळलेलं सापडेना, तेव्हा "जे आलंच नाही ते टळलंच म्हणायचं" असं ठरलं. दाजी गेलेल्याच्या जागी नवा सोनेरी आणून सोडत होते. काळा मात्र दिवसेंदिवस फुगत होता. आणला तेव्हा चवळीच्या शेंगेएवढा होता, होळीपर्यंत भरताच्या वांग्याएवढा झाला. मी काचेजवळ गेले की तो वळून माझ्याकडे बघायचा. मीही त्याच्याकडे बघायचे. घरात आम्हा दोघांनाच खरं काय ते माहीत होतं.

कारण मी पाहिलं होतं. एका दुपारी मिरच्यांचे देठ मोडत टाकीसमोर बसले होते. काळा शांत उभा होता. एक सोनेरी तोंडासमोरून गेला. काळ्याने जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं, आणि मिटलं. बस. कुणाला चाहूल लागली नाही. शेपटीचं सोनेरी टोक तेवढं त्याच्या ओठावर क्षणभर राहिलं, पान खाल्ल्यावर लाली राहते तसं.

मी घरभर सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "ढाल कधी आपलीच मानसं खाते का?"

इथवर मी हसून सोडलं असतं. माशांसाठी जावयाशी वैर घेण्याइतकी मी शहाणी नव्हते. पण मार्चच्या शेवटी मला पत्र आलं. नाशकातल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा, जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा हजर व्हायचं. लग्नाआधी मी अर्ज केला होता. लग्न होऊन वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षात मी इतक्या मिरच्यांचे देठ मोडले होते की ते एकापुढे एक मांडले असते तर नामपूरला पोचले असते. पत्र हातात आलं तेव्हा पगाराचा आकडा मी दुसऱ्यांदा वाचताना पाहिला. पहिल्या वाचनात एकच ओळ दिसली: प्रयोगशाळेच्या कपाटांच्या किल्ल्या सहायकाच्या ताब्यात राहतील. या घरात मीठमसाल्याच्या डब्याचीही किल्ली माझ्याकडे नव्हती. तसं डब्याला कुलूपच नव्हतं, पण असतं तरी माझ्याकडे नसती.

आधी सगळे हो म्हणाले. आत्याबाईसुद्धा. त्यांनी शेजारणीला सांगितलं, "आमची सून साळंत साप-विंचू सांभाळनार." मग दाजी आले. आता दाजींनी आणलेले सोनेरी पुरेनासे झाले होते, त्या आठवड्यात तर दोन एकदम गेले होते. दाजींनी टाकीपुढे डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "नोकरीचं ठरल्यापासून वेग वाढलाय. घरची लक्ष्मी उंबऱ्याबाहेर पडणार, हे वास्तूला सोसत नाहीये. मासे आत्ताच एवढे जातायत, ती खरंच गेली तर माशांवर भागणार नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं. आत्याबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. त्यांना एकच मुलगा, आणि तो रोज पिकअप चालवतो. त्या दिवसापासून त्यांनी नोकरीचं नाव काढणं सोडलं. त्या वाईट नव्हत्या. घाबरल्या होत्या. घाबरलेल्या माणसाशी भांडता येत नाही. ज्याने घाबरवलं त्याच्याशी येतं.

म्हणून मी चहाची गाळणी घेतली.

तर दाजी सोफ्यावर, काळा मासा बादलीत, आणि मी मध्ये उभी. "काळा घराबाहेर गेला तर मी या उंबऱ्याला पाय लावणार नाही," दाजी म्हणाले. आत्याबाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात मामा मळ्यातून आले. मामा टोपीखाली काय विचार करतात हे कुणाला कधी कळायचं नाही. त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं.

"घराबाहेर नको ना? मंग मोटारीजवळच्या हौदात सोडू," मामा म्हणाले. "आपल्याच आवारात हाय. आन् हौद ईशान्येलाच हाय, जावईबापू. पानी ईशान्येला पाहिजे, तुम्हीच सांगितलं व्हतं."

दाजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. अगदी काळ्यासारखं, फक्त आत काही गेलं नाही.

पण दाजी हरणारे नव्हते. ते म्हणाले, "ठीक. काळा गेला. आता वहिनींनी स्वतःच्या पसंतीचे मासे आणावेत. शाळा उघडेपर्यंत त्यातला एक जरी दगावला, तर वास्तूने उत्तर दिलं असं समजायचं. मग नोकरी नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मान्य."

उरलेले दोन सोनेरी दाजी पिशवीत घालून स्वतःच्या घरी घेऊन गेले. भरभराट परत नेणारा जावई मी तेवढा एकच पाहिला.

रात्री मला कळलं की मी काय बोलून बसले. मासे मला ओळखता येत होते, पण फॉर्मेलिनच्या बरणीतले. त्यांची लॅटिन नावं पाठ होती, त्यांची पोटं चिरून आतलं सगळं क्रमाने मांडता येत होतं. कोण कुणाबरोबर जिवंत राहतो, हे कुणी शिकवलं नव्हतं. बरणीत सगळेच एकमेकांशी गुण्यागोविंदाने राहतात.

सकाळी मामा म्हणाले, "चल, मी येतो."

शालिमारजवळच्या त्या दुकानात मामा पायजमा, टोपी आणि चिखलाच्या चपला घालून शिरले आणि थेट, बियाणाच्या दुकानात बसतात तसे, काउंटरसमोरच्या स्टुलावर बसले. दुकानदाराने विचारलं, "कोणत्या रंगाचे दाखवू?"

"रंग मागून बघू," मामा म्हणाले. "हा पुरा वाढला म्हंजे केवढा व्हतो?"

दुकानदाराला बहुधा जन्मात कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. तो सावरून बसला. मग मामांनी त्याला जे पिळलं, तसं मी विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेतसुद्धा पाहिलं नाही. हा वर राहतो का तळाला? एकटा राहतो का घोळक्यात? खातो किती, कुणाचं खातो? शेजाऱ्यावर सावली करतो का?

"सावली?" दुकानदार म्हणाला.

"ऊस आन् कोथिंबीर एका वाफ्यात लावली," मामा मला म्हणाले, दुकानदाराला नव्हे, "तर कोथिंबीर मरत नाय. ती दिसतच नाय. तुझे सोनेरी तसे गेले."

सहा महिने मी घरात जे ओरडून सांगत होते, ते मामांनी एका वाक्यात सांगून टाकलं. म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं. मी त्यांच्याकडे रागाने बघितलं. ते टायगर बार्ब नावाच्या माशाकडे बघत होते.

"हा पट्ट्यापट्ट्याचा चांगला दिसतो."

"दिसायला झकास," दुकानदार म्हणाला, "पण दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो."

"मंग नको. आमच्याकडे हाय एक."

पुढे एका बाटलीत एकटाच निळा मासा झालरीसारखे पंख पसरून फिरत होता. "हा असा वेगळा का काढला?"

"फायटर. दोन नर एकत्र ठेवले की एक मरेपर्यंत भांडतात."

मामांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "सख्खे भाऊ असतील," म्हणाले आणि पुढे सरकले. बांधावरून त्यांचं आणि त्यांच्या भावाचं कोर्टात चाललेलं मला माहीत होतं, म्हणून मी हसले नाही.

मला निऑन हवे होते. इवलेसे, अंगावर निळी रेघ, अंधारात पेटल्यासारखे. मी बोट दाखवलं. मामांनी विचारलं, "पानी कसं लागतं यांना? आमच्या विहिरीचं पानी जड हाय. तुरीची डाळ शिजत नाय त्यात, दाणा दाणा वेगळा राहतो."

"मग निऑन नका नेऊ काका. त्यांना हलकं पाणी लागतं. तुमच्या पाण्यात गप्पी घ्या, प्लॅटी घ्या, जड पाणी त्यांना मानवतं."

मी म्हटलं, "पण निऑन सुंदर आहेत."

"हापूस आंबा बी सुंदर असतो," मामा म्हणाले. "आपल्या जमिनीत येतो का?"

इथे मी हट्ट केला असता तर माझ्यात आणि दाजींमध्ये फरक काय राहिला असता? रंग बघून पिशवी बांधायला मीही निघाले होते. निऑन सोडले. मग मामांनी विचारायचं आणि मी निवडायचं, असं सुरू झालं. वरच्या थराला पाच गप्पी, सगळे नर, कारण गप्पीची मादी एकदा घरात आली की टाकीचा बाजार होतो. मधल्या थराला चार प्लॅटी, एक नर आणि तीन माद्या, म्हणजे तो एकीच्याच मागे लागून तिला दमवत नाही. तळाला तीन मिशीवाले, जे वरून पडलेलं खातात आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. बारा. दुकानदार म्हणाला, "दोन फुटीला आणखी सहा मावतील की." मामा म्हणाले, "मावायला रोपं बी दाट मावतात. फळ धरत नाय."

टाकी मी आधी आठ दिवस विहिरीचं पाणी भरून नुसतीच चालवली. मग पिशव्या तासभर पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग मासे सोडले. गप्पी वर गेले, मिशीवाले खाली, प्लॅटी मध्ये. जिल्हाधिकाऱ्याने जागा वाटून दिल्यासारखे आपापल्या ठिकाणी. कुणी कुणाकडे बघितलंही नाही.

आणि मग मे महिना आला.

त्या वर्षी लोडशेडिंग असं होतं की दिवसातून एकदा वीज जायची नाही, एकदा यायची. ऊन इतकं की मळ्यात मिरच्या वाळवायची गरज नव्हती, झाडावरच तिखट व्हायचं. दुपारी वीज गेली की टाकीतली हवेची मोटर बंद पडायची आणि गरम पाण्यात बाराच्या बारा मासे वर येऊन तोंडं उघडी टाकायचे. मी तांब्याने पाणी काढून उंचावरून टाकीत धार धरायचे, तेवढीच पाण्यात हवा. सहा-सहा तास. उजवा हात गेला की डावा. त्या मे महिन्यात माझे दंड असे झाले की पुढे शाळेत लोखंडी कपाट सरकवायला शिपायाऐवजी मला बोलवायचे.

एके दिवशी मळ्यात टोमॅटोची तोडणी होती, मला जावं लागलं. कॅरेट भरता भरता वीज गेल्याचं विहिरीच्या मोटारीवरून कळलं. मी धावत सुटले. घरात शिरते तर धारेचा आवाज. आत्याबाई स्टुलावर उभ्या, हातात तांब्या, अंगावर घामाच्या धारा.

मी दारातच थांबले. त्यांनी मला पाहिलं.

"तुझ्यासाठी नाय करत मी," त्या म्हणाल्या. "नोकरी-बिकरी मला काय माहीत नाय. मुके जीव हायेत. पाण्यावाचून कुनी तडफडलेलं बघवत नाय." मग तांब्या न थांबवता म्हणाल्या, "ती पोटुशी हाय ना, केशरी? ती कोपऱ्यात जाऊन बसती सारखी."

मी तोवर पाहिलंच नव्हतं. चार दिवसांनी त्या केशरी प्लॅटीने पिल्लं टाकली. वेगळ्या बरणीत काढली तेव्हा बावीस मोजली. मी माहेरी फोनवर दोनशे सांगितली. पण इथे बावीसच लिहिते, कारण आत्याबाईंनी दोनदा मोजली होती.

शाळा सोमवारी उघडायची होती. रविवारी दुपारी टाकी पुसताना मागच्या बाजूला फरशीवर मला एक गप्पी सापडला. झाकण जरा उघडं राहिलं होतं, त्याने उडी मारली असणार. वाळून कडक झाला होता, शेपटीचा रंग मात्र तसाच.

हे शेजारी उभे होते. आमचे हे तसे कमी बोलतात. म्हणाले, "गाडी काढतो. शालिमारला तसाच्या तसा मिळेल. कुणाला कळणार नाही."

किती सोपं होतं! दाजींना गप्पी आणि गाजर यांतला फरक कळत नव्हता. मी हो म्हणणारच होते. मग मनात आलं, चाळीस दिवस हात मोडेपर्यंत धार धरली ती कशासाठी? मासे माझ्या नोकरीमुळे मरत नाहीत, हे खरं आहे म्हणून. आता खोटा मासा टाकला तर खरं काय राहिलं?

"नको," मी म्हटलं. "मेला तर मेला. मी जाणार."

"पण तू शब्द दिलायस."

"शब्द चुकीचा होता. मासा झाकण उघडं राहिल्यामुळे मेला. झाकण मी विसरले, तर त्याबद्दल मला बोला. वास्तूने कशाला बोलायचं?"

मी तो गप्पी काडेपेटीत ठेवला आणि काडेपेटी टाकीवर, सगळ्यांना दिसेल अशी. आत्याबाई दोनदा तिथून गेल्या. दोन्ही वेळा काडेपेटीकडे बघितलं.

सोमवारी सकाळी दाजी शाळेच्या घंटेच्याही आधी हजर. कोरा शर्ट. मी स्टार्चची साडी नेसून तयार होते, पर्स खांद्याला. ते बोट दाखवत मोजायला वाकले.

"मोजू नका दाजी," मी म्हटलं. "अकरा आहेत. बारावा हा." आणि काडेपेटी उघडून त्यांच्यापुढे धरली.

दाजींना इतका आनंद झाला की क्षणभर त्यांना तो लपवता येईना. "बघा! शाळा उघडायच्या आदल्याच दिवशी! आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

"रोपं लावली की एखाददुसरं मरतंच," मामा दारातून म्हणाले. "आपन नांग्या भरतो, त्या जागी दुसरं रोप लावतो. इथं तर बावीस तयार हायेत."

"मामा, प्रश्न माशाचा नाही, शब्दाचा आहे! वहिनींनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता!"

"दिला होता," मी म्हटलं. "मोडतेय. सगळ्यांसमोरच मोडतेय. तुमच्या अख्ख्या कळपाला खाणारा तुम्ही आणलात, तेव्हा वास्तू गप्प. माझा एक उडी मारून गेला, तर वास्तूला वाचा फुटली? मी चालले."

दाजी दारात जाऊन उभे राहिले. दोन्ही हात चौकटीला लावून. "जावई म्हणून सांगतोय," ते आत्याबाईंकडे बघून ओरडले, "आज ही या दारातून गेली, तर पुढे जे होईल त्याला मी जबाबदार नाही! सासूबाई, तुम्ही बोला! तुमच्या मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे!"

हेही खाली बघायला लागले. मला वाटलं, आता संपलं. ओरडायला मला दाजींची भीती नव्हती, पण आत्याबाईंना मी ढकलून जाऊ शकले नसते.

आत्याबाई स्वयंपाकघरातून आल्या. हातात माझा डबा होता, रुमालात बांधलेला. त्यांनी माझ्या हातातली काडेपेटी घेतली, मिटली, टाकीवर ठेवली, आणि डबा माझ्या हातात दिला. मग दाजींकडे वळल्या. आवाज चढवला नाही. त्या आवाजात बोलताना मी त्यांना तोवर कधीच ऐकलं नव्हतं.

"मासा गेला म्हंजे संकट गेलं, असं तुम्हीच म्हनले व्हते ना? मंग गेलं. सरका, तिची बस जाईल."